उजामा: न्येरेरे यांच्या मनातले गाव आणि सरकारने वसवलेले गाव

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाला तेव्हा देशात प्रशिक्षित अभियंते दोन आणि डॉक्टर बारा होते, असे देशाचे पहिले पंतप्रधान आणि नंतरचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे पुढे सांगत असत. प्रौढांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास होती आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिपटीइतके. परकीय चलन आणणारी मुख्य पिके तीनच: घायपाताचा वाख, कापूस आणि कॉफी. शेजारच्या केनियात गोऱ्या मळेवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी बळकावल्या होत्या आणि तिथे स्वातंत्र्यापूर्वी रक्त सांडले. टांगानिकात गोरे वसाहतवाले तुलनेने थोडे होते. शिवाय हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून काढून ब्रिटिशांकडे देखरेखीसाठी सोपवलेला होता, त्यामुळे त्याचा हिशेब संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडता येत असे. न्येरेरे यांनी १९५५ साली न्यूयॉर्कला जाऊन विश्वस्त मंडळापुढे तो मांडला. स्वातंत्र्य गोळीबाराशिवाय मिळाले. देश कसा उभारायचा, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून समोर होता. न्येरेरे यांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे उजामा: विखुरलेल्या लोकांनी गावांत एकत्र येऊन सामाईक शेती करावी.

त्या प्रश्नाचे मूळ वस्तीच्या रचनेत होते. आपल्याकडे गावठाण एका जागी आणि भोवती शिवार असते. टांगानिकाच्या बहुतेक भागात तसे नव्हते. प्रत्येक कुटुंबाची झोपडी त्याच्या शेतातच आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर, कधी त्याहूनही लांब. किलिमांजारोचे उतार आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचा बुकोबा हे केळी-कॉफीचे दाट वस्तीचे पट्टे वगळले, तर लोक असेच विखुरलेले होते. त्याला भक्कम कारणे होती. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. काही हंगाम पीक घेतले की जमीन पडीक टाकायची आणि नवी मोडायची. जनावरे रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या पट्ट्यापासून लांब ठेवायची. पाण्याच्या जवळ राहायचे, पण सगळ्यांनी एकाच झऱ्यावर तुटून पडायचे नाही. ही शेती माणसे पांगलेली असल्यामुळेच टिकत होती. पण अशा वस्तीला शाळा, दवाखाना, नळ कसा पुरवायचा? १० डिसेंबर १९६२ रोजी प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणातच न्येरेरे यांनी सांगून टाकले की पुढची काही वर्षे लोकांना गावांमध्ये एकत्र आणण्यासाठी सरकार शक्य ते सर्व करील. पुढे जे घडले त्याची बीजे त्या भाषणात आहेत.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ चा, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुटियामा गावचा. वडील झनाकी या लहानशा जमातीतले प्रमुख. मुलगा बाराव्या वर्षी शाळेत गेला, ताबोऱ्याच्या सरकारी शाळेतून युगांडातल्या मकेरेरे महाविद्यालयात पोहोचला आणि १९४९ ते १९५२ या काळात एडिंबरा विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहास शिकला. परत येऊन दार-ए-सलामजवळच्या पुगू येथील कॅथलिक शाळेत शिकवू लागला. लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत, ते याच कामामुळे. ७ जुलै १९५४ रोजी ‘टानू’ हा पक्ष स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

त्यांच्या राजकारणाची जात १९५८ च्या ताबोरा अधिवेशनात दिसली. ब्रिटिशांनी निवडणुकीला एक चमत्कारिक अट घातली होती: प्रत्येक मतदाराने एका आफ्रिकी, एका आशियाई आणि एका युरोपीय उमेदवाराला, अशी तीन मते दिलीच पाहिजेत. पक्षातले तरुण बहिष्काराच्या बाजूचे होते. न्येरेरे यांनी उलटा डाव टाकला. पक्षाला अनुकूल असलेले आशियाई आणि युरोपीय उमेदवार शोधून त्यांना पाठिंबा दिला आणि निवडणूक खिशात घातली. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्यावे अशी मागणी विधिमंडळात जोर धरू लागली, तेव्हा त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवून ती परतवली. दार-ए-सलाममधल्या गुजराती व्यापाऱ्यांना आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या गोवेकरांना या भूमिकेचा अर्थ नीट समजला होता. अमीर जमाल यांच्यासारखा भारतीय वंशाचा मंत्री पुढे अनेक वर्षे देशाचे अर्थखाते सांभाळू शकला, तोही याच भूमिकेमुळे.

स्वातंत्र्याला दीड महिना होतो न होतो तोच, जानेवारी १९६२ मध्ये, न्येरेरे यांनी पंतप्रधानपद सोडले आणि ते रशीदी कावावा यांच्याकडे दिले. पक्ष खेड्यापाड्यांत नव्याने बांधायचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी उजामावरची छोटी पुस्तिका लिहिली. स्वाहिलीत उजामा म्हणजे कुटुंबभाव. मांडणी साधी होती: जुन्या आफ्रिकी कुटुंबात जमीन सगळ्यांची असे, काम सगळे करीत, आणि म्हातारपणी किंवा आजारपणी कुणी उघड्यावर पडत नसे. समाजवाद आम्हाला बाहेरून आणायचा नाही, आहे तोच घरापुरता न ठेवता देशभर पसरवायचा आहे. आयतोबांना इथे जागा नाही हे सांगताना त्यांनी एक स्वाहिली म्हण वापरली: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.

या चित्रात एक मोठी उणीव होती आणि ती इथेच नोंदवायला हवी. जुना समाज इतका समतेचा नव्हता. बुकोबात ‘न्यारुबांजा’ या पद्धतीखाली कुळे जमीनमालकांच्या मुठीत होती. बहुतेक ठिकाणी शेतीचे निम्म्याहून जास्त काम बायका करीत आणि निर्णय पुरुष घेत. न्येरेरे यांना हे ठाऊक होते. १९६७ च्या लेखनात त्यांनी बायकांची दुय्यम अवस्था हा जुन्या व्यवस्थेचा दोष म्हणून स्पष्ट लिहिला. पण लोक मुळातच एकत्र काम करणारे आहेत, त्यांना फक्त जवळ आणायचे आहे, हे गृहीतक कायम राहिले आणि ते महागात पडले.

जमिनीबाबत मात्र त्यांनी वेळ दवडला नाही. पूर्ण मालकीची जमीन, जी मुख्यतः गोऱ्यांकडे आणि आशियाईंकडे होती, १९६३ च्या कायद्याने सरकारी भाडेपट्ट्यात बदलली. सगळी जमीन सार्वजनिक झाली. शेतकऱ्याला वहिवाटीचा हक्क उरला, विकण्याचा नाही. ही तरतूद ध्यानात ठेवावी, कारण पुढे माणसे हलवताना सरकारच्या हातात हेच हत्यार होते.

आधीचे दोन फसलेले प्रयोग

यंत्रे लावून, माणसे एका जागी आणून शेतीचा कायापालट करायचा हा मोह न्येरेरे यांच्याही आधीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा होता. १९४६-४७ मध्ये मुख्यतः टांगानिकात भुईमूग लावण्याची योजना निघाली: सुमारे ३२ लाख एकर. कोंग्वा, उरांबो आणि नाचिंगवेआ ही ठिकाणे ठरली. कोंग्व्याची निवड करताना पावसाची पुरेशी वर्षे तपासलीच नव्हती. तिथली माती पावसात मऊ आणि उन्हात विटेसारखी घट्ट. पेरणी व्हायची, पण शेंगा काढायच्या वेळी जमीन फुटायची नाही. मातीतल्या खरखरीत कणांनी नांगराचे फाळ झिजायचे, गोरखचिंचेची मुळे यंत्रांना दाद देत नसत आणि युद्धातून उरलेल्या जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग मिळत नसत. १९५१ च्या सुरुवातीला योजना गुंडाळली, तेव्हा ब्रिटिश सरकारने साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडीत खात्यात टाकली.

दुसरा प्रयोग स्वतंत्र सरकारचा. जागतिक बँकेच्या पाहणी अहवालाने १९६१ मध्ये सुचवले होते की जुन्या गावांत थोडी थोडी सुधारणा करत बसण्यापेक्षा कोऱ्या जागी आधुनिक वसाहती उभाराव्यात. १९६३ पासून तशा वसाहती सुरू झाल्या. एका वसाहतीत साधारण २५० कुटुंबे आणि खर्च सुमारे दीड लाख पौंड. ट्रॅक्टर सरकारचे, घरे सरकारची, पहिल्या पिकापर्यंतचा शिधाही सरकारचा. परिणाम असा झाला की वसाहतकरी स्वतःला सरकारी मजूर समजू लागले. कर्जाचा बोजा उत्पन्नापेक्षा मोठा झाला आणि व्यवस्थापक सांगेल तेव्हाच शेतात जायचे अशी सवय पडली. १९६६ मध्ये नव्या वसाहती थांबवल्या. पैसा ओतून गाव उभे राहत नाही, हा न्येरेरे यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता.

लितोवा

तिसरा प्रयोग सरकारने केलेलाच नव्हता आणि या साऱ्या इतिहासात तोच सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा आहे. दक्षिणेकडे, मोझांबिकच्या सीमेलगतच्या रुवुमा प्रांतात, सोंगेआजवळ लितोवा नावाच्या ठिकाणी टानूच्या युवक शाखेतल्या काही तरुणांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल तोडून सामाईक शेती सुरू केली. पहिला प्रयत्न टिकला नाही. दुसऱ्या खेपेस त्यांनी आधी पोटापुरते अन्न पिकवले आणि मग कुटुंबे आणली. या क्रमाचे महत्त्व सरकारी अधिकाऱ्यांना पुढे कधी कळले नाही.

लितोव्यात सगळा कारभार गावसभेत ठरे: कोणत्या शेतात कोणी जायचे, आलेल्या पैशातून किती वाटायचे, किती शिलकीत ठेवायचे. बायकांना शेतावर बरोबरीने काम करता यावे म्हणून मुलांची एकत्र सांभाळणूक केली जाई. शाळा गावाने आपल्या गरजेप्रमाणे घडवली; मुले शाळेच्या शेतात राबत आणि तिथेच शिकत. आजूबाजूला अशी गावे वाढली तशी १९६३ मध्ये त्यांची रुवुमा विकास संघटना झाली. अनुभवी सदस्यांची एक तुकडी नव्या गावात जाऊन राही आणि तिथले लोक स्वतः सांभाळू लागले की निघून येई. संघटनेने मका दळायची गिरणी घेतली, लाकूड कापायची गिरणी चालवली. १९६९ पर्यंत गावे सतराच्या आसपास झाली. आकडा लहान आहे, पण ही गावे कुणाच्या हुकमाने वसलेली नव्हती.

आरुशा

दरम्यान राजधानीत चित्र बिघडत होते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, त्याच महिन्यात टांगानिकाच्या सैन्याने बंड केले आणि ते मोडायला ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला ही नामुष्की झोंबणारी होती. २६ एप्रिलला टांगानिका आणि झांझिबार एक झाले. १९६५ मध्ये एकपक्षीय राज्यघटना आली. वाखाचे भाव १९६४ नंतर कोसळू लागले. त्यातच परकीय मदतीचा भरवसा किती धरावा हेही कळून चुकले: झांझिबारमधल्या पूर्व जर्मन वकिलातीवरून पश्चिम जर्मनीशी खटका उडाला, ऱ्होडेशियातल्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारच्या प्रश्नावर डिसेंबर १९६५ मध्ये टांझानियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. दोन्ही वेळा मदतीवर पाणी सोडावे लागले.

ऑक्टोबर १९६६ मध्ये विद्यापीठाचे विद्यार्थी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा घेऊन आले. सेवेच्या काळात पगार कापला जाणार, ही त्यांची मुख्य तक्रार. न्येरेरे यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कमी केला आणि चारशेच्या आसपास विद्यार्थ्यांना घरी पाठवले. शिकलेला वर्ग आपल्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर बसणार, ही भीती त्यांना पोखरत होती.

तीन महिन्यांनी, जानेवारी १९६७ च्या अखेरीस, टानूची कार्यकारिणी आरुशात बसली आणि ५ फेब्रुवारीला आरुशा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यातला विकासाचा विचार आजही वाचण्याजोगा आहे. आपण पैसा हे हत्यार मानले, पण तो आपल्याकडे नाही; जे आपल्याकडे आहे ते म्हणजे माणसे आणि जमीन, आणि त्यांना हवी योग्य धोरणे व चांगले नेतृत्व. कारखान्यांसाठी कर्ज काढले तर ते फेडणार शेतकरी, आणि फायदा होणार शहराला. खेड्यातली बाई दिवसाला बारा-चौदा तास राबते, पुरुषाने आपल्या तासांचा हिशेब द्यावा, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते.

जाहीरनाम्याचा सर्वांत धारदार भाग म्हणजे नेत्यांची आचारसंहिता. मंत्री, खासदार, पक्षाचे पदाधिकारी आणि मधल्या-वरच्या दर्जाचे सरकारी अधिकारी यांनी कंपनीचे समभाग ठेवायचे नाहीत, खासगी कंपनीचे संचालक व्हायचे नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, भाड्याने देण्यासाठी घरे ठेवायची नाहीत. पती-पत्नी दोघांनाही नियम लागू. स्वातंत्र्यलढ्यात बायकांना पक्षात आणणाऱ्या बीबी तीती मोहम्मद यांची भाड्याची घरे होती. त्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवसापासून बँका सरकारी झाल्या, पाठोपाठ विमा, धान्य दळणाच्या मोठ्या कंपन्या, आयात-निर्यातीच्या पेढ्या, आणि वाखाच्या मळ्यांचा मोठा हिस्सा. १९७१ मध्ये एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या भाड्याने दिलेल्या इमारतीही ताब्यात घेतल्या. त्यांतल्या बहुतेक आशियाई कुटुंबांच्या होत्या आणि त्यानंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, फटका मात्र एकाच समाजाला बसला.

गावांचा आराखडा सप्टेंबर १९६७ च्या ग्रामीण विकासाच्या निबंधात आला. त्यात तीन पायऱ्या होत्या. पहिली, कुटुंबांनी जवळजवळ घरे बांधावीत आणि शेत आपापले कसावे. दुसरी, काही कुटुंबांनी मिळून एक छोटा सामाईक तुकडा कसून पाहावा, घरचे शेत न सोडता. तिसरी, विश्वास बसला की सामाईक शेत मुख्य करावे आणि घरामागे परसबाग ठेवावी. कोणत्याही पायरीवर सक्ती नको, असे न्येरेरे यांनी स्वच्छ बजावले होते. १९६८ मध्ये त्यांनी हेच आणखी ठासून लिहिले: माणसांचा विकास दुसरा कुणी करू शकत नाही, तो त्यांनी स्वतःच करायचा असतो.

सक्ती कशी आली

या शब्दांना वर्ष उलटते न उलटते तोच सप्टेंबर १९६९ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने रुवुमा विकास संघटना बरखास्त केली. गिरण्या जप्त झाल्या, लितोव्याच्या शाळेतल्या शिक्षकांच्या बदल्या झाल्या, सल्लागारांना जावे लागले. संघटनेचा अपराध एवढाच की तिथली गावे वरून आलेल्या सूचना आपल्या सभेत तपासत आणि पटल्या नाहीत तर नाकारत. प्रांतातल्या पक्षनेत्यांना ते सहन झाले नाही. न्येरेरे लितोव्याचे चाहते होते, तरी त्यांनी हा निर्णय होऊ दिला. माझ्या मते उजामाचा खरा पराभव इथे आहे. नंतरची लोकांना गावांत हलवण्याची मोहीम ही त्याची पुढची पायरी.

त्याच वर्षी अध्यक्षांच्या एका परिपत्रकाने सगळ्या खात्यांना उजामा गावांना प्राधान्य द्यायला सांगितले. अधिकाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला: जास्त गावे दाखवणारा जिल्हा चांगला. रुफीजी नदीच्या पुरानंतर तिथल्या लोकांना वर उचलून नव्या गावांत नेले, मग दुष्काळी दोदोमा, मग किगोमा. १९७० च्या अखेरीस सुमारे दोन हजार गावांत पाच लाख लोक होते. १९७३ मध्ये साडेपाच हजारांवर गावांत वीस लाख. विरोध होत नव्हता असे नाही. इस्मानीच्या मका पिकवणाऱ्या पट्ट्यात मोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनी सामाईक करण्यावरून तणाव होता. २५ डिसेंबर १९७१ रोजी इरिंग्याचे प्रांताधिकारी विल्बर्ट क्लेरू यांना एका शेतकऱ्याने गोळी घातली.

नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले की गावात राहणे हा आता हुकूम आहे आणि १९७६ च्या अखेरीपर्यंत सगळा ग्रामीण देश गावांत आला पाहिजे. सैनिक, पक्षाचे स्वयंसेवक आणि सरकारी ट्रक कामाला लागले. जागा बहुधा नकाशावर ठरे. रस्त्याच्या कडेला असली की अधिकाऱ्याला जीपमधून पोहोचता येई आणि ट्रकला माणसे उतरवता येत. तिथे पाणी आहे का, माती कशी आहे, पूर येतो का, हे पाहायला वेळ नव्हता. लोक परत जाऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी जुन्या घरांची छपरे उतरवली, काही जाळली. कित्येक कुटुंबे पेरणीच्या तोंडावर हलवली गेली. १९७५ मध्ये गावांतली लोकसंख्या ९० लाखांच्या वर गेली. आफ्रिकेत त्या काळी झालेले हे सर्वांत मोठे स्थलांतर होते.

शेतीचे काय बिघडले, ते नीट पाहिले पाहिजे. अडीचशे-पाचशे कुटुंबे एका ठिकाणी आली की शेते लांब जातात. रोजचे दोन-तीन तास चालण्यात गेले तर निंदणी उशिरा होते, आणि मक्याला पहिल्या काही आठवड्यांत निंदणी चुकली की उत्पन्न हमखास घटते. लांबच्या शेताची राखणही होत नाही. रानडुकरे आणि वानरे कणसे नेतात. गावाजवळची जमीन विश्रांती न देता दरवर्षी कसली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दमते. सरपण गावाभोवती संपते, मग बायकांचे चालणे आणखी वाढते. गुरे एकत्र आली की चराई आणि रोग दोन्ही वाढतात. पूर्वी विखुरलेल्या वस्तीने हे सगळे टाळले होते.

सामाईक शेताचे गणित वेगळ्या कारणाने फसले. पहिला पाऊस झाला की पेरणीला काही दिवसच मिळतात. त्या दिवसांत घरचे शेत आधी की सामाईक? प्रत्येक कुटुंब घरचे शेत आधी धरते, कारण मुलांचे जेवण तिथून येते. सामाईक शेतावर उशिरा पेरणी, उशिरा निंदणी, आणि हजेरीपुस्तकात दिवस मोजून वर्षाअखेरी मिळणारा वाटा नगण्य. जो मनापासून राबला आणि जो हजेरी लावून सावलीत बसला, दोघांचा वाटा जवळपास सारखा. पुढच्या वर्षी पहिलाही सावली शोधतो. लितोव्यात हे घडले नाही, कारण वाटणीचे नियम तिथल्याच लोकांनी ठरवले होते आणि तेच बदलूही शकत होते.

त्यात १९७३-७४ आणि १९७४-७५ चे दुष्काळ आले आणि तेलाचे भाव चौपट झाले. परदेशातून धान्य आणण्यात परकीय गंगाजळी आटली. दोष दुष्काळाचा किती आणि मोहिमेचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पेरणीच्या वेळी माणसे हलवल्यावर चांगला पाऊसही फारसे वाचवू शकला नसता, हे मात्र सरळ आहे.

१९७५ च्या कायद्याने गाव ही कायदेशीर संस्था झाली: किमान २५० कुटुंबे, सर्व प्रौढांची गावसभा, २५ जणांची ग्राम परिषद आणि तिच्या पाच समित्या. कागदावर ही लोकशाहीच होती. पण गावाचा खरा कारभार पक्षाच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. लोकनियुक्त जिल्हा परिषदा १९७२ मध्येच मोडल्या होत्या. १९७६ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही बरखास्त केल्या आणि माल खरेदी सरकारी मंडळांकडे गेली. किलिमांजारो आणि बुकोबाच्या कॉफी संस्था वसाहत काळापासून चालत आल्या होत्या. हिशेब, गोदामे, वाहतूक यांचा पिढ्यांचा अनुभव एका फटक्यात गेला.

खरेदीतही एक नेकीचे धोरण उलटे पडले. मक्याचा भाव देशभर एकच ठेवला, म्हणजे दूरच्या शेतकऱ्यावर अन्याय होणार नाही. त्यामुळे दार-ए-सलामपासून शेकडो किलोमीटर लांबच्या रुक्वा आणि रुवुमा प्रांतांत मका वाढला आणि तो आणण्याचा वाहतूक खर्च सरकारी दळण मंडळाच्या माथी बसला. शहराजवळचा शेतकरी मात्र आपला माल चोरट्या बाजारात विकू लागला, कारण तिथे भाव जास्त. मंडळ तोट्यात, शेतकऱ्याचे पैसे थकलेले, आणि ट्रक डिझेलअभावी उभे.

जे टिकले

हे सगळे मान्य करूनही न्येरेरे यांच्या कामाला अपयश हा एकच शब्द लावणे चुकीचे आहे. १९७३ मध्ये रेडिओवरून आरोग्याची मोठी मोहीम झाली. गावोगावी गट बसत, कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि आपल्या गावात काय करायचे ते ठरवत. पंच्याहत्तर हजारांच्या आसपास गटप्रमुख तयार केले होते आणि सुमारे वीस लाख लोकांनी भाग घेतला. लाखो शौचालये बांधली गेली. प्रौढ साक्षरता सरकारी आकडेवारीनुसार १९६७ मधल्या ३३ टक्क्यांवरून १९८६ पर्यंत ९० टक्क्यांवर गेली. नोव्हेंबर १९७४ च्या मुसोमा ठरावाने प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करायचे ठरले आणि १९७८ पर्यंत प्राथमिक शाळेतल्या मुलांची संख्या दुपटीहून अधिक झाली. शिक्षक अपुरे होते, म्हणून सातवी झालेल्या तरुणांना गावातच शिकवत ठेवून प्रशिक्षण दिले. दर्जा घसरला हे खरे, पण मुली शाळेत आल्या हेही तितकेच खरे.

आणि भाषा. शंभराहून अधिक जमातींच्या देशात स्वाहिली ही प्राथमिक शाळेची, पक्षाची, खालच्या न्यायालयांची आणि बाजाराची भाषा झाली. शेजारच्या देशांत जमातींवरून रक्तपात झाले, तिथे टांझानियात राजकारणाला तो रंग फारसा चढला नाही. न्येरेरे यांच्या धोरणांतले हे सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत टिकाऊ काम.

राजकीय किंमत मात्र मोठी होती. १९६२ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने खटल्याशिवाय तुरुंगात टाकता येत असे, स्वतंत्र कामगार संघटना १९६४ मध्ये संपल्या. एकपक्षीय निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघात टानूचेच दोन उमेदवार, एकाची खूण कुदळ आणि दुसऱ्याची घर. मतदारांनी त्यातही मंत्र्यांना घरी बसवले. पण धोरणाला नाही म्हणण्याची जागा मतपत्रिकेवर नव्हती.

१९७७ मध्ये, जाहीरनाम्याला दहा वर्षे झाली तेव्हा न्येरेरे यांनी स्वतः लिहिले की टांझानिया समाजवादीही नाही आणि स्वावलंबीही नाही. मदत नाकारायला निघालेला देश तोवर आफ्रिकेत सर्वाधिक मदत घेणाऱ्यांपैकी एक झाला होता. १९७८-७९ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या फौजा सीमेवरच्या कागेरा भागात घुसल्यावर झालेल्या युद्धाने उरलेला पैसा संपवला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने चलनाचे अवमूल्यन आणि अनुदानकपात मागितली, तेव्हा नाणेनिधी साऱ्या जगाचे अर्थमंत्रालय कधीपासून झाले, असे त्यांनी विचारले. १९८५ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्या काळी आफ्रिकेत असे आपणहून उतरणारे नेते विरळा होते. १९८६ मध्ये त्यांचे वारसदार अली हसन म्विन्यी यांनी नाणेनिधीशी करार केला, आणि १९९१ च्या झांझिबार ठरावाने नेत्यांची आचारसंहिताही गेली. भारत सरकारने १९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार न्येरेरे यांना दिला. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

गावे राहिली, आणि त्यांच्याबरोबर जमिनीचे तंटेही. बळाने हलवलेल्या लोकांची जुनी शेते मोहिमेत दुसऱ्यांना वाटली गेली होती. निर्बंध सैल होताच मूळ वहिवाटदार न्यायालयात गेले. सरकारने १९९२ मध्ये कायदा करून असे सगळे जुने दावे एका झटक्यात संपवायचा प्रयत्न केला. डिसेंबर १९९४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की वहिवाटीचा हक्क हीसुद्धा राज्यघटनेने संरक्षिलेली मालमत्ता आहे आणि योग्य भरपाईशिवाय तो काढून घेता येत नाही. त्यानंतरच्या १९९९ च्या ग्राम जमीन कायद्याने मधला मार्ग काढला: १ जानेवारी १९७० ते ३१ डिसेंबर १९७७ या मोहिमेच्या काळात झालेले वाटप वैध धरले, आणि पुढच्या काळासाठी गावची जमीन ग्राम परिषदेकडे विश्वस्त म्हणून दिली. ती कुणाला द्यायची यासाठी गावसभेची मंजुरी लागते. तंटे सोडवणाऱ्या गावच्या सात जणांच्या मंडळात किमान तीन बायका असाव्या लागतात.